पाण्यावर उभे राहण्याचा धडा



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून वैशाखातल्या संध्याकाळी जाणत्यांनी बोलावे आणि आपण ऐकावे, असा रिवाज गावोगाव पडला. आपल्या चिटणीसांनी यंदा तो थोडा वाकवला आहे. काल याच जागी राज्यघटनेवर व्याख्यान झाले, उद्या ज्ञानेश्वरीवर आहे, आणि या दोहोंच्या मध्ये, साठी उलटल्यावर आम्ही पाण्यात कसे पडलो, हे आम्ही सांगायचे आहे. विषय हलका वाटेल. पण कर्जत-खालापूरच्या माणसांना पाण्याचा विषय हलका नाही, हे शेवटी आपणच म्हणाल, अशी आम्हांला आशा आहे.

गोष्टीची सुरुवात आमच्या नातीपासून होते. ती दहा वर्षांची. शाळेला सुटी लागली आणि ती मुंबईहून आली. आपल्या तालुक्यात आता नदीकाठी जागोजाग पाहुण्यांसाठी बंगले आणि बागा झाल्या आहेत. तशा एका ठिकाणी माणसे लांबलचक फळीवर उभी राहून, हातात उंच वल्हे घेऊन पाण्यावरून चाललेली तिने पाहिली, आणि हट्ट धरला. आम्ही नेहमीप्रमाणे ‘नाही’ म्हटले. तिने विचारले, “आजोबा, तुम्ही कधी नदीत उतरलात का?” आम्ही म्हटले, “नाही.” ती म्हणाली, “मग तुम्हांला काय माहीत?”

या प्रश्नाला उत्तर होते. पण दहा वर्षांच्या मुलीला सांगण्याजोगे ते नव्हते. आम्ही सातवीत असताना भाद्रपदातल्या एका दुपारी आमच्या बाकावर बसणारा मुलगा नदीवर गेला, तो परत आला नाही. आम्हीही जाणार होतो. दप्तर ठेवायला घरी गेलो, म्हणून मागे राहिलो. त्या संध्याकाळी आमच्या आईने आम्हांला देवापुढे उभे केले आणि नदीच्या पाण्यात पाय घालणार नाही, अशी शपथ घ्यायला लावली. ती शपथ आम्ही पाळली; एवढेच नव्हे, तर पुढे चालवली. आमचे चिरंजीव आज चाळिशीला आले, त्यांना पोहता येत नाही. कोणाच्या घरी वडिलोपार्जित जमीन असते, कोणाच्या घरी वडिलोपार्जित दमा. आमच्या घरी ही भीती आहे. ती आता तिसऱ्या पिढीच्या ओंजळीत घालण्याची वेळ आली होती, आणि ती पिढी विचारत होती, तुम्हांला काय माहीत?

दुसऱ्या दिवशी आम्ही जाहीर केले, “आधी आम्ही शिकून पाहतो, मग तुझे बघू.” घरून एवढेच उत्तर आले की, हाडे जुनी आहेत, हे लक्षात असू द्या.

आता ही फळी कुठून आली, ते थोडक्यात सांगतो. वल्हे किंवा लांब बांबू घेऊन तराफ्यावर उभे राहणे ही जगातली फार जुनी रीत आहे; केळीच्या खुंटांचे तराफे आपणही पाहिले आहेत. पण आज जो खेळ जगभर पसरला आहे, त्याचे माहेर हवाई बेटे. तिथल्या वाइकीकी किनाऱ्यावर पाहुण्यांना लाटांवर स्वार व्हायला शिकवणारे लोक गेल्या शतकाच्या मध्यास मोठ्या फळीवर उभे राहत आणि होडीचे वल्हे वापरीत. उभे राहिल्याने शिकाऊ मंडळींवर नजर राही आणि त्यांचे फोटोही काढता येत. पुढे शतक संपता संपता तिथल्याच नामांकित लाटस्वारांनी हा प्रकार पुन्हा उचलला आणि तो जगभर गेला.

हवाई म्हटले की आपल्यापुढे उष्ण कटिबंधातली, नारळीची, सुटी घालवण्याची बेटे उभी राहतात. आम्ही घरी येऊन नकाशा उघडला. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर आहे. वाइकीकी एकविसाव्या अंशाच्या थोडे वर, आणि आपले कर्जत एकोणिसाव्याच्या किंचित खाली. म्हणजे उष्ण कटिबंधात आपण त्यांच्यापेक्षाही आत आहोत. ज्या हवापाण्यासाठी लोक विमानाने हजारो मैल जातात, त्यात आपण जन्म काढतो आणि पंख्याखाली बसून उकाड्याला नावे ठेवतो.

आमचे गुरुजी पंचविशीतले होते. जवळच्याच एका ठाकरवाडीतला मुलगा. पोहायला नदीत शिकलेला आणि मग या कामाचे रीतसर शिक्षण घेतलेला. फळी म्हणजे लाकूड नव्हे. जाड रबरी कापडाची ती दहा फुटी वळकटी त्याने उलगडली आणि सायकलच्या पंपाच्या थोरल्या भावाने तीत हवा भरली. पाहता पाहता ती दारासारखी कडक झाली. वल्हे आपल्या उंचीपेक्षा वीतभर जास्त. त्याचे पाते दांड्याशी किंचित वाकलेले असते, आणि तो बाक पुढच्या बाजूस ठेवायचा असतो. आम्ही अर्थातच ते उलटे धरले. “सगळे तसंच धरतात, काका,” तो म्हणाला. एवढ्यानेही धीर येतो.

मग त्याने आमच्या अंगात लाइफ जॅकेट चढवून पट्टे आवळले आणि फळीची दोरी आमच्या कमरेच्या पट्ट्याला जोडली. आम्ही चित्रात ती पायाला बांधलेली पाहिली होती. तसे विचारताच तो म्हणाला, “समुद्रावर पायाला. वाहत्या पाण्यात नाही. दोरी झाडाच्या मुळीत अडकली, तर पाण्याचा जोर माणसाला खाली दाबून धरतो, पायापर्यंत हात पोचत नाही. हा कमरेचा गोळा ओढला की दोरी सुटते. ओढून दाखवा.” आम्ही ओढला. “पुन्हा.” पुन्हा ओढला. दहा वेळा झाल्यावर त्याचे समाधान झाले. शेवटी काठावर, पाणी जिथे टेकत होते तिथे, त्याने तीन पांढरे दगड ओळीने मांडले. हा काही पूजेचा विधी असावा, असे समजून आम्ही गप्प राहिलो.

जागा म्हणजे पेज नदीचा एक रुंद, संथ डोह. खालच्या अंगाला खूप दूर एक बंधारा होता. पण त्याच्या कितीतरी अलीकडे आडवा दोर बांधून तरंगती डबकी ओवली होती. त्या दोरापलीकडे जायचे नाही, हा पहिला नियम. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी पायथ्याशी उलटे फिरते आणि आत सापडलेल्याला पुनःपुन्हा खाली ओढते. दिसायला तिथे हातभर फेस असतो, एवढेच.

धडा गुडघ्यांवर सुरू झाला. फळीच्या मधोमध उचलायची मूठ असते, तिच्या दोन्ही अंगांना गुडघे टेकायचे आणि वल्हवायचे. हे जमले. मग हात टेकून एकेक पाऊल गुडघ्याच्या जागी आणायचे आणि उभे राहायचे. हे जमले नाही. आम्ही उभे राहिलो, आपले पाय शाबूत आहेत का म्हणून खाली पाहिले, आणि पडलो.

साठ वर्षांत प्रथमच नदीचे पाणी आमच्या डोक्यावरून गेले. श्रोतेहो, तो क्षण आम्ही वर्णन करून सांगणार नाही. डोळ्यांपुढे कोण आले, ते आपण ओळखले असेल. पण जॅकेटाने आम्हांला वर आणले. आम्ही श्वास घेतला, वर आकाश होते, समोर माथेरानचा डोंगर होता, आणि गुरुजी सांगत होते, “बरोबर पडलात काका. फळीवर नाही, पाण्यात पडलात. अंग पसरून पडायचं, उडी घ्यायची नाही. खाली कातळ असतो. आता पोटावरून फळीवर चढा.”

पडायचे कसे आणि परत चढायचे कसे, हे कळल्यावरच उभे राहता येते, हा त्या शिक्षणाचा क्रम आहे. पुढे त्याने चारच गोष्टी सांगितल्या. गुडघे थोडे सैल ठेवा. पायाच्या बोटांनी फळी आवळू नका. नजर पायांकडे नको, समोरच्या झाडावर ठेवा. आणि थांबू नका, वल्हे मारत राहा. चालती सायकल उभ्या सायकलीपेक्षा स्थिर असते, तसेच हे. सहाव्या खेपेस आम्ही उभे राहिलो, ते राहिलो. आठ-दहा वल्ही मारली. फळीखालून नदी सरकत होती आणि आम्ही तिच्यावर उभे होतो. आनंद कशाला म्हणतात ते त्या वयात पुन्हा कळते, हे आम्हांला ठाऊक नव्हते.

इतक्यात गुरुजींचा आवाज बदलला. “काका, खाली बसा. आता काठाला.” आम्ही म्हटले, “आत्ता तर जमले!” तो म्हणाला, “मधला दगड गेला.”

आम्ही काठाकडे पाहिले. तीन दगडांपैकी पहिले दोन पाण्याखाली होते. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता.

हे पाणी कुठले, ते आपल्यापैकी जुन्या मंडळींना ठाऊक आहे. घाटमाथ्यावरची आंध्रा नदी मुळात पूर्वेकडे वाहते. इंद्रायणी, भीमा, कृष्णा असे करीत तिचे पाणी बंगालच्या उपसागराला जायचे. ठोकरवाडीला धरण बांधून टाटांनी ते पश्चिमेकडे वळवले, आणि १९२२ पासून ते सुमारे पाचशे मीटर खाली भिवपुरीच्या वीजघरात उतरते. चाके फिरवून झाली की ते पेजेत येते, आणि पेजेतून उल्हास नदीत. खोपोलीचे वीजघर त्याहून जुने, १९१५ चे. त्याच्या पाण्यावर खालापुरातली पाताळगंगा वाहते. म्हणून वैशाखात इतर नद्यांची वाळू उघडी पडते, तेव्हाही आपल्या या नद्या वाहत्या असतात. पण हे पाणी पावसाचे नाही, विजेच्या मागणीचे आहे. शहरात दिवे आणि यंत्रे जास्त लागली की वर चाके फिरतात आणि खाली, निरभ्र आकाशाखाली, नदी चढते. पाहुण्याला हे कळत नाही. तो कोरड्या दगडावर कपडे ठेवून उतरतो आणि परत येतो तेव्हा दगड नसतो.

आम्ही काठावर बसून अंग पुसत होतो. तिसरा दगडही गेला. पाणी काही फार चढले नव्हते, हातभर असेल. पण संथ डोहाला ओढ आली होती. गुरुजींनी उरलेल्या तीन पाहुण्यांनाही बाहेर काढले. त्यांतले एक गृहस्थ, पैसे तासाचे दिले आहेत, म्हणून वाद घालत होते. हा पोरगा हात जोडून ‘उद्या या’ म्हणत होता, आणि फळी मात्र देत नव्हता.

आणि तिथे बसल्या बसल्या आम्हांला ती भाद्रपदातली दुपार आठवली. त्या दुपारी गावात लख्ख ऊन होते, हे आम्ही पन्नास वर्षे विसरलो होतो. पाऊस वर, घाटमाथ्यावर पडत होता. आमच्या मित्राने काही आगळीक केली नव्हती, नदीनेही दावा साधला नव्हता. काठावर तीन दगड मांडायला त्याला कोणी शिकवले नव्हते, एवढेच. आमच्या आईने जे दिले ते मायेने दिले. परंतु त्यात ज्ञान नव्हते. शपथ माणसाला पाण्यापासून दूर ठेवते. पाणी मात्र माणसापासून दूर राहण्याची शपथ घेत नाही.

याचा पुरावा हवा असेल तर २०१९ च्या जुलैतली २७ तारीख आठवा. याच उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली. हजारांवर उतारू रात्रभर डब्यांत होते. पोहायला म्हणून कोणी घरून निघाले नव्हते. कोल्हापूरचे तिकीट काढून निघाले होते. आपत्ती दलाने आणि नौदलाने रबरी होड्या आणल्या, माणसांना जॅकेटे चढवली आणि सर्वांना सुखरूप बाहेर काढले. पण सगळीकडे होड्या पोचत नाहीत. सरकारी नोंदींप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात ३८,००० हून अधिक माणसे बुडून मेली. जगात वर्षाला सुमारे तीन लाख माणसे अशी जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ सालचा अंदाज आहे. आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा दिवस या प्रश्नासाठी नेमून दिला. तो दिवस नेमका आपल्या पुराच्या दिवसांत येतो.

म्हणून या व्यासपीठावरून आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. पहिली, आपल्या गावातल्या प्रत्येक मुलामुलीला प्राथमिक शाळा संपेपर्यंत पोहता आले पाहिजे. पूर्वी पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत सोडीत. आज त्यापेक्षा चांगली साधने आहेत, फक्त सोडणारे वडीलधारे राहिले नाहीत. दुसरी, जिथे लोक नदीत उतरतात तिथे पाणी केव्हा व का चढते, हे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे, आणि शेजारी एक लांब दोर टांगलेला असावा. तिसरी गोष्ट प्रत्येकाने आजच घरी सांगावी: बुडणाऱ्यामागे उडी टाकू नका. काठावरून बांबू द्या, धोतर द्या, ओढणी द्या, झाकण लावलेला रिकामा कॅन फेका. एकाला वाचवायला दुसरा उतरतो, आणि एका घराऐवजी दोन घरांत दिवा विझतो.

नातीचे काय झाले, असे आपण विचाराल. तिला फळी मिळाली नाही. आधी पोहणे, मग फळी, असे ठरले आहे. पोहण्याच्या वर्गात ती रोज सकाळी जाते आणि तिच्याबरोबर तिचे वडीलही जातात. चाळिसाव्या वर्षी, कमरेला डबा बांधून. परवा आम्ही तिघे नदीवर गेलो होतो. पाण्यात कोणी उतरण्याआधी तिने, आम्ही न सांगता, काठावर तीन दगड मांडले.