चार हजार विरुद्ध तीनशे: संशोधकाचं वजन कशात मोजायचं?

(ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. बोलण्यातला ओघ शक्यतो तसाच ठेवलाय.)

कोणी बसमध्ये असाल, कोणी शेतात मोटार चालू करून बसला असाल, कोणी लायब्ररीत पुस्तक उघडं ठेवून चोरून ऐकत असाल. सगळ्यांचं स्वागत.

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजवरून सुचला. शहादा तालुक्यातला एक मुलगा. एम.एस्सी. केमिस्ट्री झालंय, पेट पास झालाय, आता पीएच.डी.साठी गाइड शोधतोय. तो म्हणतो, "ताई, दोन नावं आहेत. एका सरांचे गुगल स्कॉलरवर चार हजार सायटेशन आहेत. दुसऱ्या मॅडमचे तीनशे. डोळे झाकून सरांकडे जाऊ ना?"

मी त्याला म्हटलं, भाऊ, डोळे झाकू नको, तेवढं एक कर. बाकीचं एपिसोडमध्ये सांगते.

आधी माझी गोष्ट. ती सांगायला मला थोडी लाज वाटते, पण सांगते.

२०१७ साली मी तासिका तत्त्वावर शिकवत होते. आपल्या नंदुरबारची मिरची तुम्हाला माहितीच आहे. हंगामात शहराच्या कडेला पथाऱ्या लागतात, लांबून बघितलं तर जमिनीवर लाल सतरंजी अंथरल्यासारखं दिसतं. मी त्या पथाऱ्यांवरून दर दोन-तीन दिवसांनी मिरच्या आणायचे. वाटायच्या, ॲसिटोनमध्ये रंग उतरवायचा आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४६० नॅनोमीटरला तो मोजायचा. जास्त दिवस कडक उन्हात राहिलेल्या मिरचीचा रंग उतरतो, हे व्यापारी नजरेनेच सांगतो. माझ्याकडे त्याचे आकडे होते. कोणत्या दिवसापर्यंत किती उतरतो, ते सगळं वहीत होतं. दोन हंगाम काम केलं.

मग मुलाखतीची जाहिरात आली आणि मला घाई झाली. मेलवर एका जर्नलचं आमंत्रण होतं. 'चार दिवसांत स्वीकृती, प्रमाणपत्र सोबत.' मी पैसे भरले. चौथ्या दिवशी पेपर छापूनसुद्धा आला. कोणी एक प्रश्न विचारला नाही, एक चूक काढली नाही. टेबल दोनचं शीर्षक मीच चुकवलं होतं, ते तसंच छापलं गेलं.

जर्नल तेव्हा यूजीसीच्या यादीत होतं. २०१८ मध्ये यूजीसीने त्या यादीतून ४,३०५ जर्नल्स काढली, त्यात तेही गेलं. पुढे त्याची वेबसाइटच बंद पडली. बरं, तोच पेपर चांगल्या जर्नलला पाठवावा, तर एकदा छापलेलं काम पुन्हा नवीन म्हणून देता येत नाही. म्हणजे दोन हंगामांचं काम ना इकडचं राहिलं ना तिकडचं. त्या पेपरचे सायटेशन? शून्य. जो पेपर कोणाला सापडतच नाही, त्याचा उल्लेख कोण करणार?

आणि मी एकटी नव्हते. पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये एक तपासणी छापली. विद्यापीठांनी सुचवल्यामुळे यूजीसीच्या यादीत आलेली जर्नल्स त्यांनी घेतली, त्यातली मोठ्या डेटाबेसमध्ये असलेली वगळली आणि उरलेली १,००९ तपासली. त्यातली ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. कुठे पत्ता नाही, कुठे संपादकाचं नाव नाही, कुठे इम्पॅक्ट फॅक्टर खोटा.

असं का होतं? कारण आपण मोजतो कसं ते बघा. कॉलेजमध्ये सहायक प्राध्यापक व्हायचं तर मुलाखतीआधी गुणांवर गाळणी लागते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत एका पेपरला २ गुण, जास्तीत जास्त ६. तीन पेपर झाले की रकाना भरला. ते पेपर कोणी वाचले का, हा प्रश्न त्या रकान्यात नाही.

मग लोक म्हणाले, नुसते पेपर मोजू नका, सायटेशन मोजा. आता सायटेशन म्हणजे काय, ते सोप्या भाषेत.

तुम्ही पेपर लिहिला. पुढे दुसऱ्या कोणी स्वतःच्या पेपरमध्ये 'ही पद्धत अमुक यांच्याकडून घेतली' असं लिहून तुमचं नाव शेवटच्या यादीत दिलं, की तुमचं एक सायटेशन. कोणी कोणाचा उल्लेख केला याची सूची करावी, ही कल्पना यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये मांडली. गंमत म्हणजे त्यांची पहिली पदवी केमिस्ट्रीचीच. त्यांना हवं होतं ते शोधण्याचं साधन: एका पेपरचा माग काढत पुढच्या पेपरपर्यंत जाता यावं. ते माणसांना गुण द्यायचं साधन पुढे झालं.

आता एच-इंडेक्स. २००५ मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो काढला. समजा तुमचे नऊ पेपर आहेत. सायटेशननुसार उतरत्या रांगेत लावा: ४०, १२, ७, ५, ५, ३, १, ०, ०. आता रांगेत मोजत जा. पाचव्या नंबरच्या पेपरला ५ आहेत, जमलं. सहाव्याला ३ च आहेत, इथे थांबा. तुमचा एच-इंडेक्स ५. गुगल स्कॉलरवर आय-टेन दिसतो, तो म्हणजे दहा किंवा जास्त सायटेशन असलेले पेपर. इथे दोन. एकूण सायटेशन ७३.

एच-इंडेक्सचा फायदा असा, की एखादाच पेपर गाजला तर त्या एकट्यावर माणूस मोठा दिसत नाही. तोटा असा, की तो कधी खाली येत नाही. दहा वर्षं काहीच केलं नाही तरी जुन्या पेपरवर वाढतच राहतो. आणि तुमचे चारच पेपर असतील तर तो चारच्या वर जाऊच शकत नाही, मग ते चार कितीही भारी असोत. नव्या माणसाला हा आकडा कायम छोटाच दिसणार.

आता केमिस्ट्रीतली दोन खरी उदाहरणं सांगते, म्हणजे आकडा काय सांगतो आणि काय नाही ते कळेल.

पहिलं, लोवरी. बायोकेमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला 'लोवरी मेथड' केली असेल ना, निळा रंग येतो ती? प्रोटीन मोजायची ही पद्धत ऑलिव्हर लोवरी आणि सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये छापली. त्या पेपरचे सायटेशन तीन लाखांच्या वर गेले. जगात सगळ्यात जास्त उल्लेख झालेला पेपर म्हणून तो ओळखला जातो. त्यात विश्वाचं कोडं सोडवलेलं नाही. रोज लागणारं एक साधन दिलंय, म्हणून प्रत्येक जण त्याचं नाव लिहितो.

दुसरं, जॉर्ज शेल्ड्रिक. स्फटिकाची रचना काढायचं 'शेलएक्स' हे सॉफ्टवेअर त्यांचं. २००८ मध्ये त्यांनी त्यावर एक लेख लिहिला. जगभरच्या केमिस्ट लोकांनी त्याचा उल्लेख सुरू केला आणि ज्या जर्नलमध्ये तो आला होता त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर एका वर्षात साधारण २ वरून ४९ च्या वर गेला. एका लेखामुळे! त्याच जर्नलमधले बाकीचे लेख होते तेवढेच होते. म्हणून 'माझा पेपर इतक्या इम्पॅक्ट फॅक्टरच्या जर्नलमध्ये आहे' असं कोणी सांगितलं, तर तो जर्नलचा आकडा आहे, त्या पेपरचा नाही. आणि आपल्याकडे पदोन्नतीच्या गुणांत या आकड्याला जादा गुण आहेत, हेही लक्षात ठेवा.

आता जरा आपल्या जिल्ह्याकडे या.

धडगाव, अक्कलकुवा, मोलगी भागात सिकलसेल हा घराघरातला शब्द आहे. आरोग्य केंद्रात आधी बोटातून रक्त घेऊन साधी चाचणी करतात. ती पॉझिटिव्ह आली की पक्कं करायला इलेक्ट्रोफोरेसिससारखी तपासणी होते. विजेच्या दाबाखाली साधं हिमोग्लोबिन आणि सिकलसेलचं हिमोग्लोबिन वेगवेगळ्या वेगाने सरकतं. हे पहिल्यांदा दाखवलं कोणी? लायनस पॉलिंग आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी, नोव्हेंबर १९४९ मध्ये. पॉलिंग केमिस्ट. आजार रेणूत असू शकतो, हे त्या पेपरने जगाला सांगितलं. त्याचे सायटेशन हजारोंनी झाले.

पण बघा, मोलगीची एखादी ताई लग्नाआधी तपासणी करून घेते, रिपोर्ट बघून दोन्ही घरं नीट विचार करतात. हे कुठल्याच गुगल स्कॉलरवर मोजलं जात नाही. रिपोर्टच्या खाली कोणी पॉलिंगचं नाव लिहीत नाही. लिहायची गरजही नाही. ज्ञान रोजच्या वापरात मुरलं की उल्लेख बंद होतो. आवर्त सारणी वापरताना मेंडेलीव्हला कोण सायट करतं?

म्हणून माझं म्हणणं एवढंच: आकडा हा दरवाजा आहे. दरवाजा बघून घराची किंमत करू नका, उघडून आत जा. आत काय बघायचं, ते लिहून घ्या.

एक. नाव त्याच माणसाचं आहे का? आपल्याकडे 'एस. पाटील' किती, 'आर. वळवी' किती, 'के. पाडवी' किती! गुगल स्कॉलर नावं जुळवताना दुसऱ्याचे पेपरही प्रोफाइलमध्ये टाकतं आणि बरेच जण ते काढत नाहीत. लग्नानंतर नाव बदललेल्या मॅडमचे जुने पेपर उलट गळून जातात. म्हणून ऑर्किड बघा, सोळा आकड्यांची संशोधकाची ओळख. तुम्ही स्वतःची आजच काढा, फुकट आहे.

दोन. वरचे पाच पेपर उघडा. 'सायटेड बाय' वर बोट ठेवा. उल्लेख करणारे कोण आहेत? तेच सर, त्यांचेच विद्यार्थी, तीच चार नावं फिरून फिरून येत असतील तर सावध. जपानमधल्या, ब्राझीलमधल्या अनोळखी प्रयोगशाळेने पद्धत वापरली असेल तर त्या एका उल्लेखाला वजन आहे.

तीन. पेपर मूळ प्रयोगाचा की आढाव्याचा? आढावा लेखांना सायटेशन जास्त मिळतात. ते वाईट नसतात, पण प्रयोगशाळेत काय चालतं ते त्यातून कळत नाही.

चार. नाव कितवं आहे? वीस लेखकांत अकरावं नाव आणि दोघांत पहिलं नाव, गुगल स्कॉलरला दोन्ही सारखंच. स्टॅनफर्डचे इओआनिडिस यांची ती 'टॉप टू परसेंट' यादी असते ना, जिचे बॅनर लागतात, त्यात पहिलं, शेवटचं किंवा एकटं नाव यांचा वेगळा हिशोब धरतात. तेवढं शहाणपण आपणही वापरू.

पाच. माणूस कुठे बसून काम करतो? छोट्या कॉलेजात एनएमआर नसतं. नमुना मुंबईला आयआयटीच्या सैफ केंद्रात किंवा चंदीगडला पाठवायचा, पैसे भरायचे, वाट बघायची. ज्याच्या खालच्या मजल्यावर मशीन आहे त्याच्याशी याची पेपरसंख्या कशी जुळेल?

आणि सहावं, जे कुठल्याच वेबसाइटवर नाही. त्या गाइडच्या आत्ताच्या आणि जुन्या विद्यार्थ्यांना फोन करा. विचारा: किती वर्षं लागली? पेपरवर पहिलं नाव तुझं लागलं का? अडलं तेव्हा सर भेटले का?

त्या मुलाने हे सगळं केलं. काल त्याचा परत मेसेज आला. सरांच्या चार हजारांतले जवळजवळ निम्मे एकाच आढावा लेखाचे निघाले. मॅडमच्या तीनशेत एका रंगद्रव्य वेगळं करायच्या पद्धतीचे ऐंशी, आणि ती पद्धत बाहेरच्या लोकांनी खरंच वापरलेली. पण तो हेही म्हणाला, की सरांचे विद्यार्थी वेळेत सुटतात आणि मॅडमकडे सध्या जागा एकच आहे. म्हणजे निर्णय अजून सोपा नाही. तो दोघांनाही भेटायला जळगावला चाललाय. मला हेच बरं वाटलं. आकडा बघून जाणार होता, आता प्रश्न घेऊन जातोय.

आणि माझी मिरची? जुनी वही अजून आहे. या हंगामात पुन्हा पथारीवर जाणार आहे. नवे नमुने, नवी मोजणी, आणि यावेळी तिखटपणासुद्धा मोजायचाय. पेपर अशा जर्नलला पाठवणार जिथे कोणीतरी माझ्या चुका काढेल. सहा महिने लागोत, वर्ष लागो. सायटेशन किती मिळतील माहीत नाही. पण पथारीवरच्या एखाद्या भाऊने विचारलं, "ताई, किती दिवसांनी उचलू?" तर उत्तर देता यायला हवं.

तुम्हालाही कोणी 'चार दिवसांत पेपर' असा मेल पाठवला असेल तर पैसे भरण्याआधी मला व्हॉइस मेसेज टाका. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.