घरमालकाचे कर्ज आणि भाडेकरूचा हक्क



घरमालकाने कर्ज थकविले आणि बँकेची नोटीस दारावर लागली, की भाडेकरू गोंधळून जातो. देणे त्याचे नसते. बेघर होण्याची पाळी मात्र त्याच्यावर येते.

२००२ च्या सरफेसी कायद्यानुसार, कर्जदारास दिलेल्या नोटिशीचे ६० दिवस उलटल्यावर बँक तारण मालमत्तेचा ताबा घेऊ शकते. अशा कारवाईविरुद्ध ४५ दिवसांच्या आत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. २०१६ च्या दुरुस्तीने भाडेकरूच्या हक्काचा निर्णयही तेथेच होतो. भाडेपट्ट्याची मुदत संपली आहे काय, तो गहाणखताच्या अटींविरुद्ध आहे काय, नोटिशीनंतर केलेला आहे काय, हे न्यायाधिकरण तपासते.

म्हणजे सारी भिस्त कागदांवर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ जेथे लागू आहे, तेथे करार लेखी व नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. भाड्याची पावती देणेही त्याला बंधनकारक आहे. करार, पावत्या, वीजबिले जपून ठेवावीत.

शिक्षक व पंचायत सदस्यांनी हे घरोघरी सांगावे. स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. नोटीस आल्यावर घर सोडण्याआधी तेथे जावे.