घरातल्या संगणकाला नाव सापडत नाही तेव्हा

घरातील एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाशी किंवा प्रिंटरशी संपर्क साधताना माणूस नाव वापरतो, यंत्रांना मात्र १९२.१६८.१.२० यासारखा अंकी पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस लागतो; नावावरून हा पत्ता शोधण्याच्या क्रियेला नेम रिझोल्यूशन म्हणतात. संपर्क होत नसेल, तर प्रथम थेट अंकी पत्त्यावर पिंग ही आज्ञा चालवावी. उत्तर आले, तर केबल, वाय-फाय व राउटर ठीक असून दोष बहुधा नावाच्या शोधातच आहे, असे समजावे.

त्यानंतर होस्ट्स फाइल पाहावी. नावे व पत्ते यांच्या जोड्या नोंदवणारी ही साधी मजकूर-फाइल, पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएस ही विकेंद्रित नामव्यवस्था मांडली त्याच्याही आधीच्या पद्धतीचा वारसा असून, आजही संगणक सहसा डीएनएसच्या आधी तिचाच आधार घेतात. त्यामुळे राउटरने यंत्राला नवा पत्ता दिला आणि फाइलीत जुनाच राहिला, तर संपर्क चुकीच्या ठिकाणी जातो. विंडोजमधील नोटपॅड जतन करताना फाइलीच्या नावाला टीएक्सटी हे शेपूट जोडू शकते, आणि मग नोंदी अचूक असूनही ती वाचलीच जात नाही. हा दोष सहज नजरेतून सुटतो, म्हणून तो आवर्जून तपासावा. एनएसलुकअप ही आज्ञा होस्ट्स फाइल न पाहता थेट डीएनएस सर्व्हरला विचारते, तेव्हा केवळ तिच्या उत्तरावर विसंबणे योग्य नव्हे.

‘लोकल’ या प्रत्ययाने संपणारी नावे मल्टिकास्ट डीएनएसने, म्हणजे घरातील सर्व यंत्रांना एकाच वेळी विचारून शोधली जातात, आणि त्यासाठी फायरवॉलमध्ये ५३५३ क्रमांकाचे यूडीपी पोर्ट खुले असावे लागते.