मत्स्यन्याय आणि जाळे
बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात ज्याची चिकित्सित आवृत्ती प्रसिद्ध केली, त्या रामायणात अराजकातील माणसे माशांप्रमाणे परस्परांना खातात, असे म्हटले आहे. या मत्स्यन्यायात जाळे टाकणारा मात्र दिसत नाही. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातील मासेमारी घटली, तेव्हा बाजारात भक्षक माशांचा वाटा वाढला, भक्ष्यांचा उतरला; त्याचे गणित व्होल्तेरा यांनी १९२६ मध्ये मांडले. आपल्या किनाऱ्यावरचा बोंबील जवळ्यावर पोसतो. जवळाच उपसला, तर बोंबील सावरणार कशावर? केवळ भक्षकाला अभय दिले, तर भक्ष्य वाढणार कसे? म्हणून जाळे दोघांवरचे एकदमच सैल व्हावे. मत्स्यन्यायाचे निवारण हा राजधर्म. त्याचा आरंभ आपला हात आवरण्यापासून होतो.