पेटीला कुलूप, फोनला काय?

आपल्या गटाची पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे. कुणाचं कर्ज किती, हे गटाबाहेर जात नाही. आणि फोन?

परवा मी पंचांगाचं ॲप घेतलं. त्यानं फोनमधले सगळे नंबर बघायची परवानगी मागितली. चतुर्थी सांगायला माझ्या नणंदेचा नंबर कशाला हवा? पण घाईत मी ‘अलाऊ’ दाबलं. त्यात तुमचेही नंबर होते, तुम्हाला न विचारता दिलेले.

गुगल, फेसबुक फुकट वाटतात. पण आपण काय शोधतो, काय बघतो, यावरून जाहिराती दाखवून ते कमावतात. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली सांगितलंय.

गेलेले नंबर परत येत नाहीत. पुढचं थांबवता येतं. सेटिंगमध्ये ‘परवानग्या’ असतात, नको त्या बंद करायच्या. बैठकीला फोन आणा, मिळून करू.