खुब्यावरची टोपी

पर्वतीच्या पायऱ्या ज्यांना अंतरल्या, त्यांना सांध्याची किंमत सांगावयास नको. श्रोतेहो, खुबा झिजला म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा कापून न टाकतां नुसता तासतात व त्यावर धातूची टोपी चढवितात. वाटीलाही तसेंच अस्तर. १९९७ सालीं बर्मिंगहॅमला निघालेली ही टोपी धिप्पाड पुरुषांना वर्षानुवर्षें मानवली. स्त्रियांत मात्र ती पुन्हा काढण्याचे प्रसंग अधिक आले. दोष स्त्रीत्वाचा नव्हे, बहुतांशीं मापाचा! गोळा लहान असला म्हणजे धातु धातूवर अधिक घासतो, नि कोबाल्ट-क्रोमियमचा कीस मांसांत उतरतो. २०१० सालीं ‘एएसआर’ जातीचे धातूचे खुबे जगभर परत मागविले गेले. महाराष्ट्रांतील रुग्णही त्यांत होते. २०१५ मध्यें बर्मिंगहॅमच्या टोपीचीं लहान मापें खुद्द कारखानदारानेंच मागें घेतलीं आणि स्त्रियांस ती बसवूं नये, असें कळविलें.