शर्यतीपूर्वीची विश्रांती आणि मनाची तयारी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चालकांनी आजच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, व्यवसाय, विवाहविषयक प्रश्न अशा विषयांवर अधिकारी व्यक्ती बोलून गेल्या आहेत. आमचा विषय त्या मानाने निराळा, काहींस तर चमत्कारिकही वाटेल. पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे या तीन गोष्टी एकापाठोपाठ एक करावयाच्या शर्यतीस ट्रायथलॉन म्हणतात. दीर्घ पल्ल्याच्या अशा शर्यतीपूर्वीचे दोन-तीन आठवडे शरीराने आणि मनाने कसे घालवावेत, एवढेच आज सांगावयाचे आहे. आपल्यातील तरुण मुलेमुली, आणि चाळिशी ओलांडलेले गृहस्थही, अलीकडे या वाटेस लागले आहेत. त्यांना आणि त्यांची काळजी वाहणाऱ्या घरच्या माणसांना यातील मर्म कळावे, हा आमचा हेतू. आम्ही या विषयातील पंडित नव्हे. एकदा ठेचाळलो आणि एकदा तरलो, इतकाच आमचा अधिकार.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. हवाई बेटांपैकी ओआहू येथे अमेरिकन नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्यूडी यांनी तेथील पोहण्याची, सायकलीची आणि मॅरेथॉनची अशा तीन निरनिराळ्या शर्यती एका दिवसात गुंफण्याची कल्पना काढली. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी ही पहिली 'आयर्नमॅन' शर्यत झाली. पंधराजण उतरले, बाराजणांनी ती पुरी केली. पहिला आलेला गॉर्डन हॅलर यास ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंद लागले. सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे हेच तिचे माप आजही कायम आहे. याच्या निम्म्या अंतराची शर्यत आपल्या शेजारी गोव्यात, पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर, ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रथम भरली. आम्ही प्रथम उतरलो ते तेथेच.

या खेळातील एक प्रसंग जगभर गाजला. फेब्रुवारी १९८२ च्या हवाई येथील शर्यतीत स्त्रियांमध्ये आघाडीवर असलेली ज्यूली मॉस ही तरुणी शेवटच्या टप्प्यात वारंवार कोसळली. मागून आलेली कॅथलीन मॅकार्टनी तिला ओलांडून गेली, तरी ज्यूलीने हातापायांवर रांगत शेवटची रेषा गाठली. ती चित्रफीत आम्ही कित्येकदा पाहिली होती, आणि तिच्यापासून नेमका चुकीचा धडा घेतला होता. मनाचा निग्रह असला म्हणजे शरीर मागाहून येतेच, अशी आमची समजूत झाली होती.

त्या समजुतीचे फळ ऐका. गोव्याच्या शर्यतीस दहा दिवस उरले असता, आपला सराव अपुरा पडला या भीतीने आम्हांस घेरले. नोकरी सांभाळून जो वेळ मिळेल तो आम्ही पायडलवर घातला. सहा दिवस आधी १२० किलोमीटर सायकल चालविली, दुसऱ्या दिवशी पहाटे उठून अठरा किलोमीटर धावलो. आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, परीक्षेच्या आदल्या रात्री जागून कोणी पहिला आला आहे का?" आम्ही हसून उडवून लावले. पणजीस पोहोचलो त्या संध्याकाळी अंगात कणकण होती, रात्री ताप भरला. आम्ही कोणास न सांगता तापाची गोळी घेतली आणि सकाळी समुद्रात उतरलो. पोहणे कसेबसे झाले, सायकलही झाली. धावण्याच्या नवव्या किलोमीटरला उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि शुद्धीवर आलो तो वैद्यकीय तंबूत, हाताला सलाईनची नळी. सौ. उशाशी बसल्या होत्या. डॉक्टरांनी विचारता ताप लपविल्याचे आम्हांस कबूल करावे लागले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "शर्यत तुमची होती, पण ताप आपल्या दोघांचा होता." ते वाक्य आम्ही आजन्म विसरणार नाही. ताप असता कठोर श्रम केल्यास हृदयाच्या स्नायूस सूज येण्याचे आणि जिवावर बेतण्याचे भय असते, हे आम्हांस त्यानंतर कळले.

आता मूळ मुद्दा. व्यायामाने शक्ती वाढते हे अर्धसत्य आहे. व्यायामाने शरीराची झीज होते, आणि त्यानंतरच्या विश्रांतीत ते ती झीज भरून काढून पहिल्यापेक्षा बळकट होते. महिनोनमहिने सराव करणाऱ्याच्या अंगी दोन गोष्टी एकाच वेळी साठत असतात, कमावलेले बळ आणि साचलेला थकवा. बळ सावकाश ओसरते, थकवा त्याहून लवकर उतरतो. म्हणून शर्यतीपूर्वी सराव बेताने कमी केला असता बळ राहते आणि थकवा जातो. यास इंग्रजीत 'टेपर' म्हणतात. आपण त्यास सरावाचा उतार म्हणू.

१९५० साली ब्रुसेल्स येथील युरोपीय स्पर्धेपूर्वी चेकोस्लोव्हाकियाचा विख्यात धावपटू एमिल झाटोपेक आजारी पडून रुग्णालयात होता. त्याचा सराव थांबला. सर्वांनी त्याची आशा सोडली असता त्याने दहा हजार आणि पाच हजार मीटर या दोन्ही शर्यती मोठ्या अंतराने जिंकल्या. यावरून आजार हितकर असतो असे कोणी समजू नये! तो बरा होऊन उतरला, आम्ही आजारी होऊन उतरलो, हा भेद लक्षात घ्यावा. त्याला लाभली ती सक्तीची विश्रांती.

पुढे या गोष्टीचा शास्त्रीय अभ्यास झाला. पूर्वीच्या अनेक प्रयोगांचे एकत्र परीक्षण २००७ साली प्रसिद्ध झाले. त्याचा निष्कर्ष असा की, सुमारे दोन आठवडे सरावाचे प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी घटवावे, परंतु सरावाचा जोर आणि आठवड्यातील वेळा कमी करू नयेत. अशा उताराने कामगिरी साधारणतः तीन टक्क्यांच्या आसपास सुधारते असे या विषयाचे अभ्यासक सांगतात. तीन टक्के ऐकावयास क्षुल्लक वाटतात, पण चौदा तासांच्या शर्यतीत ती पंचवीस मिनिटे होत.

व्यवहारात आम्ही पुढे हे असे केले. आठवड्यास चौदा तासांचा सराव असे. शर्यतीस तीन आठवडे उरले असता तो दहावर आणला, पुढच्या आठवड्यात सातवर, आणि अखेरच्या आठवड्यात जेमतेम चारवर. सर्वांत लांब धाव तीन आठवडे आधीच उरकली, कारण धावण्याचे आघात स्नायूंस सर्वांत उशिरा सोडतात. पोहणे मात्र शेवटपर्यंत ठेवले. रोज थोडा वेळ, पण मधूनमधून शर्यतीच्या वेगाने, म्हणजे शरीर सुस्त होत नाही. आमचे एक मामा तरुणपणी कोल्हापुरास तालमीत जात. कुस्ती जवळ आली म्हणजे वस्ताद जोरबैठका कमी करवीत, पण आखाड्यात उतरणे बंद करीत नसत, असे ते सांगत. शास्त्राने सांगितलेले वस्तादांस ठाऊक होते, असे म्हणावयास हरकत नाही.

आहाराविषयी थोडेसे. स्नायूंमध्ये पिठूळ अन्नापासून तयार झालेला इंधनाचा साठा असतो. तो आहाराने वाढविता येतो हे स्वीडनमधील संशोधकांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले. त्यासाठी परदेशी पदार्थ आणावे लागत नाहीत. अखेरच्या दोन दिवसांत भात, पोळी, बटाटा, केळी, साबुदाणा यांचे प्रमाण वाढवावे. उसळी, पालेभाज्या आणि तळण कमी करावे, म्हणजे पोट हलके राहते. या साठ्याबरोबर पाणीही धरले जात असल्याने वजन किलोभर वाढते. त्यास भिऊ नये, ती शिदोरी आहे. नवा पदार्थ शर्यतीच्या दिवशी प्रथम खाऊ नये. पाण्याचाही अतिरेक नको. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील धावपटूंच्या तपासणीत १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम प्रमाणाबाहेर उतरल्याचे आढळले, आणि जादा पाणी पिणे हे त्याचे मोठे कारण होते. तहानेप्रमाणे प्यावे, हा साधा नियम बरा.

इथवर शरीराचे झाले. खरी परीक्षा मनाची. सराव कमी होताच मन रिकामे होते आणि नाही नाही त्या शंका काढू लागते. गुडघा दुखल्यासारखा वाटतो, घसा खवखवतो, आपण सारे कमावलेले गमावीत आहोत असे वाटते. घरात चिडचिड होते. हे बहुतेकांस होते, आणि याच भीतीपोटी माणूस आमच्यासारखा शेवटच्या आठवड्यात १२० किलोमीटर सायकल हाणतो. म्हणून विश्रांती हाही सरावाचाच भाग आहे, अशी मनाची समजूत आधीच घालावी लागते.

आम्हांस चार उपाय उपयोगी पडले. पहिला, 'जर-तर'ची वही. पाण्यात चष्मा निघाला तर उताणे होऊन तो पुन्हा लावावयाचा. चाक पंक्चर झाले तर घड्याळाकडे न पाहता नळी बदलावयाची. उलटी झाली तर दहा मिनिटे चालावयाचे. ज्याचे उत्तर आधी लिहिले आहे ते संकट अर्धे होते. दुसरा, डोळे मिटून सारी शर्यत मनात पाहणे. तीत केवळ टाळ्या पाहू नयेत, थकवा आणि समोरचा वाराही पाहावा. तिसरा, अंतराचे तुकडे करणे. पोहताना पुढचा तरंगता बुरूज, धावताना पुढची पाण्याची चौकी, त्यापलीकडे पाहू नये. चौथा, स्वतःशी बोलणे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, उत्तेजनपर शब्द स्वतःशी बोलण्यास शिकविलेल्या मंडळींनी थकून थांबेपर्यंत पूर्वीपेक्षा १८ टक्के अधिक काळ सायकल चालविली. प्रयोग लहान होता, तथापि आमचा अनुभव त्याशी जुळतो.

२००९ साली प्रसिद्ध झालेला आणखी एक प्रयोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. दीड तास संगणकावर डोके शिणविणारे काम केल्यावर तीच माणसे सायकलीवर नेहमीपेक्षा लवकर थकली. म्हणून अखेरच्या दिवसांत कचेरीची कटकट आणि हातातील फोन ही दोन्ही आटोक्यात ठेवावीत. आदल्या रात्री झोप न लागल्यास घाबरू नये, त्याच्या आधीच्या रात्री पुरेशी झोप घेतलेली असली म्हणजे झाले.

ऑगस्ट २०२३ मध्ये आम्ही स्वीडनमधील काल्मार येथे पूर्ण अंतराच्या शर्यतीस उतरलो. या वेळी उताराची वही सौ.च्या ताब्यात होती. रोज सकाळी त्या आमची नाडी मोजून आकडा लिहीत, आणि आकडा चढला तर न उतरण्याचे आम्ही लेखी कबूल केले होते. पैसे, रजा, विमानभाडे, सारे पाण्यात जाईल हे ठाऊक असूनही त्या कागदावर सही केली. आमच्या मते मनाची खरी तयारी ती. आकडा चढला नाही. बाल्टिक समुद्राच्या थंड पाण्यात पहिली पाच मिनिटे श्वास कोंडला, तेव्हा वहीतले वाक्य आठवले आणि उताणे झालो. ओलांड बेटाकडे नेणाऱ्या सुमारे सहा किलोमीटर लांबीच्या पुलावर वारा तोंडावर होता, तोही मनात आधीच पाहून झाला होता. रात्री, चौदा तास ओलांडल्यावर, रेषा पार केली तेव्हा आम्ही रांगत नव्हतो, चालत होतो आणि बोलू शकत होतो. सौ.नी प्रथम कपाळाला हात लावून पाहिला.

तरुण मित्रांस अखेरची विनंती. अमेरिकेत २००६ ते २००८ या काळातील ट्रायथलॉन शर्यतींच्या पाहणीत चौदा मृत्यू नोंदले गेले, त्यांपैकी तेरा पोहताना झाले. शर्यतीत उतरणाऱ्यांच्या संख्येच्या मानाने हा आकडा लहान आहे, परंतु ज्या घरातला माणूस जातो त्या घरास हिशेब पुरत नाही. म्हणून डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्या, उघड्या पाण्यात सोबतीने सराव करा आणि घरापासून काही लपवू नका. घरच्या मंडळींसही विनंती आहे. मुलगा किंवा सून या दोन आठवड्यांत स्वस्थ बसलेली दिसली तर आळशी म्हणू नका. एक वाटी भात जास्त वाढा, आणि चिडचिड झाली तर मनावर घेऊ नका.

विश्रांती घेण्यास श्रम करण्याहून अधिक धैर्य लागते, हे आम्हांस पंचेचाळिशी उलटल्यावर उमगले. आपल्या मुलांस ते लवकर उमगावे, इतकीच इच्छा.